कबरवेलीत हरवलेली लूला

ऑर्फा स्टिडमनं नवऱ्याला घरामागच्या ओकच्या झाडीत पुरलं आणि वर कबरवेल लावली, असं आमच्या केंटकीच्या खोऱ्यातली निम्मी माणसं अजून छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं. नवरा डोंगरापलीकडे दुसरीच्या हातचा मक्याचा पाव खाऊन गरगरीत झालाय. पुरलीय ती ऑर्फाची धाकटी बहीण, लूला. पोर तापानं गेली तेव्हा घरात कबरीवरच्या दगडाची ऐपत नव्हती, म्हणून आईनं मातीवर या वेलीच्या काड्या खोचल्या. सावलीतही ती फोफावते, बर्फाखालीही हिरवी राहते. रानात ते हिरवं दिसलं, की खाली कबर असणार म्हणून आमच्याकडचा माणूस तिथं फावडं घालत नाही.

पुढे ऑर्फाला वेलीचा नादच लागला. ओकखाली गवत धरेना. मग ही पाला बाजूला सारायची, मुळं फुटलेले तुकडे मातीत दाबायची. बघता बघता घरामागचा अख्खा उतार हिरवा झाला, आणि लूला त्यात हरवली. हे मात्र ऑर्फानं कुणाला सांगितलं नव्हतं.

उतार तिच्या भाच्याच्या, डेल्मरच्या नावावर. त्यानं तो चर्चला गाड्या लावायला देऊन टाकला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी बुलडोझर धडधडत आला, मागोमाग बघ्यांची गर्दी.

“आत्या, लूलाआत्याची जागा दाखव. तेवढी सोडतो.”

ऑर्फानं बोट उचललं आणि पुन्हा खाली घेतलं. बोट चुकलं, तर पातं लूलावरूनच फिरणार.

“नवऱ्याचीही दाखव गं!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

बुलडोझरवरचा कर्टिस हसला नाही. त्यानं टोपी काढली, यंत्र बंद केलं. “या हिरव्यात मी पातं घालायचा नाही. माझी आजी अशाच वेलीखाली आहे.”

“अरे, हे सगळं हिनंच लावलंय! बाग आहे ही!” डेल्मर वैतागला.

“मग बाग कुठली नि थडगं कुठलं, ते सांगा.”

सगळे ऑर्फाकडे बघू लागले. डेल्मर जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, “खरं सांग आत्या, तुला तरी ठाऊक आहे का?”

ऑर्फा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “नाही ठाऊक. म्हणूनच इथं कुठंच खणायचं नाही. गाड्यांना जागा हवी ना? माझं पुढचं अंगण घ्या. तिथं कुणी पुरलेलं नाही. नवरासुद्धा नाही.”