बोटीकडे तोंड करून

सकाळी बोटीतून बेटावर उतरल्या उतरल्या सगळे समुद्राकडे धावले, आणि बाबांनी शहाळेवाल्याकडची एक खुर्ची उचलून बोटीच्या दिशेला तोंड करून मांडली. पाठीमागे पांढरी वाळू, निळंशार पाणी, त्यात डुंबणारी नातवंडं. आणि बाबांची नजर धक्क्याला लागलेल्या आमच्या बोटीवर.

"अहो, संध्याकाळी सुटणार आहे ती," आई म्हणाली.

"म्हणायला काय जातंय त्या बोटवाल्यांचं!" बाबा म्हणाले.

एसटीच्या प्रवासातही बाबा असेच. गाडी थांबली की आम्ही भजी खायला पळायचो आणि बाबा ड्रायव्हरशेजारी उभे राहून चहा प्यायचे. ड्रायव्हर इथे आहे तोवर गाडी कुठे जात नाही, हा त्यांचा सिद्धांत. इथेही त्यांनी किनाऱ्यावर येऊन बसलेला, बोटीवरचा पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी हेरला आणि खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. तो उठला की बाबा उठत. तो स्वच्छतागृहात गेला, तर बाबा दाराशी.

मला आधी खूप हसू आलं, मग जरा कमी आलं. या पहाऱ्याच्या जिवावर आम्ही किती गावं बिनघोर पाहिली! आमची गाडी कधी चुकली नाही, आणि बाबांना गरम भजी कधी मिळाली नाहीत.

संध्याकाळी बोट सुटली. मग कुठे बाबा डेकच्या कठड्याला टेकले आणि त्यांनी पहिल्यांदा बेटाकडे पाहिलं. माडांच्या शेंड्यांवर ऊन रेंगाळत होतं.

"अगं, काय सुंदर जागा आहे!" ते आईला म्हणाले. "इथे एक दिवस बोट थांबवायला हवी होती यांनी."