एकनाथच्या वहीतला प्रकाश

एकनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी ढसाढसा रडलो. दीड महिन्यानंतर हे लिहितोय ते मात्र रागाने.

दोंडाईच्यात त्याचा इंग्रजीचा क्लास होता. शब्दाचा नुसता अर्थ तो कधी द्यायचा नाही. गावातल्याच कुणाचं तरी वाक्य करायचा, वहीत उतरवायचा आणि पोरांकडून एका सुरात म्हणवून घ्यायचा.

गंधमुक्तीला, म्हणजे दिवसकार्याच्या शेवटच्या जेवणाला, त्याचे जुने विद्यार्थी जमले होते. जेवणं झाल्यावर आठवणी निघाल्या. एकजण म्हणाला, "स्कॉर्नफुली आठवतं का रे?" आणि लग्न झालेली, केस पिकलेली ती सगळी माणसं हसत हसत एकदम म्हणाली, "प्रकाश लुक्ड ॲट हिज मदर स्कॉर्नफुली!" प्रकाशने आईकडे तुच्छतेने पाहिलं...

तो प्रकाश मी.

दीपनगरच्या वीजकेंद्रात माझी नवी नोकरी होती तेव्हाची गोष्ट. क्वार्टरवर साहेब आलेले आणि नेमकी आई गावाहून आली. पायात धूळ, हातात गाठोडं. "कळण्यानी भाकर शे भाऊ, खायी ले," म्हणत तिने ज्वारी-उडदाची ती भाकरी पुढे केली. मी बोललो काहीच नाही, नुसतं पाहिलं. ती दुपारच्याच गाडीने, पाणीसुद्धा न पिता, एकटी परत गेली. पुढे तिने तो विषय काढला नाही, मीही माफी मागितली नाही, आणि एक दिवस ती वारली. हे मी आयुष्यात फक्त एकनाथला सांगितलं होतं. "कुठे बोलू नको," म्हणालो, तर माझा हात दाबून म्हणाला, "येडा शे का तू?"

आणि या माणसाने ते वर्षानुवर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं! नाव तरी बदलायचंस ना रे, लेका!

"हा प्रकाश कोण, असं विचारलं नाही कधी?" मी त्या विद्यार्थ्याला विचारलं.

"विचारायचो ना, काका. सर म्हणायचे, मना दोस्त शे. भला माणूस शे."

म्हणजे माझ्या पाठीमागे मला भला म्हणायचं आणि माझी लाज फळ्यावर मांडायची. भांडायला हवा होता आज तो समोर... निघताना वहिनींनी त्याची ती वही माझ्या हाती दिली. "तुमचंच नाव घ्यायचे हो शेवटी," म्हणाल्या. मी ती पिशवीत टाकली.

वही आता माझ्या टेबलावर असते. ते पान काढून, नाव खोडायला मी तीनदा पेन उघडलं आणि तीनदा मिटलं. एकनाथला माफ केलेलं नाही. पण माझं नाव खोडलं, तर त्या वाक्यात आई एकटीच उरते. तिला एकदा मी एकटीला परत पाठवलेलं आहे.