त्याला गाडीत मी बसवलं

माझा धाकटा भाऊ दोन वर्षं पगारी सायकलपटू होता. बसवनगुडीतल्या आमच्या घरात हे कुणाला धड समजावूनही सांगता येत नसे. "जिंकतो का?" लोक विचारत. नाही. त्याचं काम संघातल्या मुख्य स्वाराला जिंकवण्याचं: त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याला पाणी पोचवायचं. मला संताप यायचा. या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला एवढं रक्त कशाला आटवायचं?

दुसऱ्या वर्षीची शेवटची शर्यत शहराबाहेरच्या घाटात होती. ती नुसती पुरी केली, अगदी शेवटचा आला, तरी पुढचा करार पक्का, असं त्याला सांगितलं होतं. मी आडवाटेला गाडी लावून वळणावर उभी होते. माझ्यासमोरच मुख्य स्वाराचं चाक पंक्चर झालं. भावाने झटक्यात आपलं पुढचं चाक काढून त्याला दिलं, उरलेलं पाणीही दिलं, आणि एका चाकाची सायकल धरून उन्हात उभा राहिला. बदली चाक आणणारी संघाची गाडी मागे कुठेतरी अडकली होती. एकेक करत सगळे स्वार निघून गेले. त्याचे ओठ पांढरे पडले, तोल जायला लागला. माझं डोकंच फिरलं.

"चल, बस गाडीत."

"स्वल्प थांब अक्का, चाक येईल."

"मरशील तम्मा! बस म्हटलं ना!"

आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. माझा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्याने एकदा रस्त्याकडे बघितलं आणि बसला. गाडीत बसलेला स्वार शर्यतीतून बाद होतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला होतं.

आम्ही निघालो आणि पाचच मिनिटांत चाक तिथे पोचलं होतं, हे खाली आल्यावर कळलं. करार झाला नाही.

घरी अप्पांनी, आमच्या वडिलांनी, विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पाय आखडले. मीच सोडली." मी भात वाढत होते. तोंड उघडलं नाही, लाज वाटली.

आता तो बेळ्ळंदूरला ऑफिसात जातो. सायकलीचं नाव काढत नाही. अप्पा मात्र लग्नाकार्यांत चारचौघांना सांगत, "चिकाटी नाही हो त्याच्यात." तो हसून मान डोलवी.

मागच्या वर्षी अप्पा गेले. शेवटच्या आजारात त्याचा हात धरून म्हणाले, "आता तरी कुठलं काम अर्ध्यावर सोडू नकोस."

"सरी अप्पा, नाही सोडणार," तो म्हणाला.

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. तेव्हाही बोलले नाही.