बोट वर, बोट खाली

दाढी करून घेणाऱ्याने तोंड हलवायचं नसतं, आणि शिकवणाऱ्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या खुर्चीत इंग्रजीचे सर बसले, की पंचाईत व्हायची. न्हाव्याला चाळिशीत दहावी करायची हुक्की आलेली. शेवटी सरांनीच तोड काढली. वस्तरा फिरत असताना न्हाव्याने वाक्यं म्हणायची. चुकलं, तर अंगावरच्या कापडाखालून सरांचं बोट वर येणार.

विशेषणांनी मात्र न्हाव्याच्या नाकी नऊ आणले. 'टॉल मॅन' चालतो, 'द मॅन इज टॉल'ही चालतं. मग 'अफ्रेड मॅन'नेच काय घोडं मारलंय?

"अहो, अफ्रेड, अस्लीप, अलोन ही नामाच्या आधी बसतच नाहीत," साबण पुसल्यावर सर म्हणाले. "क्रियापदाच्या मागूनच येणार. 'द मॅन इज अफ्रेड.' तुमची काही गिऱ्हाइकं नाहीत का, बाक रिकामा असला तरी दारातच उभी राहतात?"

न्हावी पास झाला. इंग्रजीत अगदी काठावर, पण झाला! आरशापुढे आजही तो सरांच्या नावाने हात जोडूनच दुकान उघडतो.

पुढे सरांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. डावा हात तेवढा अधूनमधून हलायचा, तो आपोआप, असं सगळे म्हणत. मुलगी सगळं करायची, पण बोलणं तिने सोडलं होतं.

"त्यांना काही कळत नाही, काका," ती न्हाव्याला म्हणाली. "भिंतीशी किती बोलायचं?"

न्हावी घरी दाढी करायला गेला. सरांचा खोल गेलेला गाल पाहून तो वस्तरा नेहमीपेक्षा हळू फिरवू लागला. धीर यावा म्हणून तो जुनी उजळणी पुटपुटू लागला.

"टॉल मॅन... द मॅन इज टॉल... अफ्रेड मॅन..."

कापडाखालून बोट वर आलं.

न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला. "चुकलो, सर. द मॅन इज अफ्रेड."

बोट खाली गेलं.

दारातली मुलगी जागच्या जागी थिजली. न्हाव्याला रडू आवरेना.

"पोरी, माझं अख्खं शिक्षण या बोटावर झालंय. ते उगाच वर येत नाही."

तिने स्टूल ओढलं आणि सरांचा डावा हात हातात घेतला. "बाबा, तुमची नात चालायला लागली," ती म्हणाली, आणि मग साठलेलं सगळं सांगत सुटली. अर्धी दाढी राहिली होती. न्हावी बाहेर पायरीवर जाऊन बसला.