प्रार्थनेचा विषय

एकाहत्तरची लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली नगरच्या छावणीत झाली. सीमेवरची धूळ खाऊन आलेल्या माणसाला घरापासून एसटीने दोन तासांवर पोस्टिंग मिळणं म्हणजे लॉटरीच. सगळे तसं म्हणाले, मीही म्हणालो. मी तेव्हा लान्स दफादार होतो, रणगाड्यातला रेडिओ ऑपरेटर. माझ्याच रणगाड्याचा ड्रायव्हर योहान, हुद्द्याने सवार, हा माझ्याच गावचा, सोनईच्या अलीकडचा. आम्ही एकाच चर्चमध्ये वाढलो, भरतीच्या एकाच रांगेत उभे राहिलो, लढाईतून दोघेही धडधाकट परत आलो, आणि नगरलाही बरोबरच आलो होतो.

आमच्या ख्रिस्ती घरांत दिवेलागणीला प्रार्थना असते. पवित्र शास्त्रातला एक भाग काढायचा आणि पाळीपाळीने एकेक वचन वाचायचं. ज्याला वाचता येत नाही त्याने पाठ असलेलं म्हणायचं. पाळी कुणाला चुकत नाही. ही सवय आम्हाला गावच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी लावली. ते सांगत, "कळो न कळो, रोज वाचा. भाकरी कळते म्हणून खाता का?" त्यांचं बोलणं आम्ही शिरसावंद्य मानलं. छावणीत रोज सकाळी पीटीच्या आधी बराकीमागच्या लिंबाखाली आम्ही दोघं उभे राहायचो. एक वचन माझं, एक त्याचं. मग डोळे मिटून प्रार्थना. बाकीचे जवान चहाचे मग घेऊन हसायचे. "दोनों पादरी की परेड शुरू."

ते फार चुकत नव्हते. माझी प्रार्थना त्या काळी इन्स्पेक्शनसारखीच होती. बूट चकचकीत, पट्टा घट्ट, देवासमोर सावधान. देव खूश होऊन पुढे जाईल, एवढीच अपेक्षा. योहान तसा नव्हता. तो मध्येच थांबून विचारायचा, "दाविद, हे पटतं का रं तुला?" मी म्हणायचो, "तू पुढचं वाच."

त्या वर्षीचाही पावसाळा कोरडा गेला. योहानची आई सगुणामावशी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. नवरा कधीच वारलेला, पोरगा एकुलता एक. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

ऑक्टोबरात एके दिवशी रेंजवर ड्रायव्हिंगचा सराव होता. फायरिंग नव्हतं. ट्रक लवकर सुटला, त्यामुळे सकाळचं वाचन राहिलं. आमचा कमांडर दफादार बलवंतसिंग. न जाणणाऱ्यांसाठी सांगतो, रणगाड्यात चार माणसं असतात. कमांडर, गनर आणि ऑपरेटर वर बुरुजात. ड्रायव्हर पुढे, खाली, एकटा. बुरूज एका बाजूला फिरलेला असला की मागून त्याच्यापर्यंत हात पोहोचत नाही. मध्ये असतो तो फक्त इंटरकॉमचा आवाज.

आम्ही कोरड्या नाल्याच्या काठाने चाललो होतो. काठ वरून घट्ट दिसत होता. आतून तो भेगांनी सुटलेला होता. डावी बाजू एकदम खचली आणि गाडी नाल्यात आडवी झाली, नाक खाली. बलवंतसिंग बाहेर फेकला गेला, त्याचा हात मोडला. गनर आणि मी बुरुजात, खरचटलेले. बुरूज एका बाजूला फिरलेला होता आणि ड्रायव्हरचं झाकण नाल्याच्या भिंतीत रुतलं होतं.

मी सेटवर कळवलं. "हॅलो वन, वन ब्राव्हो. गाड़ी नाले में. ड्रायव्हर अंदर फँसा है. रिकव्हरी भेजो. ओव्हर."

"वन. रिकव्हरी चल पड़ी. आउट."

अडकलेला रणगाडा ओढून काढणारी गाडी निघाली होती. मग इंटरकॉमवर हाक मारली. "योहान."

"हाय हितंच," तो म्हणाला. "छातीवर कायतरी आलंय. श्वास पुरंना."

"रिकव्हरी येतेय."

"येऊ दे." मग म्हणाला, "आज वाचलं न्हाई आपण. डोंगराचं म्हण. तुजी पाळी."

डोंगराचं म्हणजे डोंगरांकडे दृष्टी लावून मदतीची वाट पाहणारं ते स्तोत्र. आमच्याकडे पोराबाळांनाही पाठ असतं. मी पहिलं वचन म्हटलं, त्याने दुसरं. तिसरं माझ्या वाट्याला आलं. देव तुझा पाय घसरू देणार नाही, असं सांगणारं. कसंबसं म्हटलं. तिकडून तो हसल्यासारखं झालं.

"पाय तर घसरला की रं, लेका," तो म्हणाला आणि त्याने आपलं चौथं म्हटलं.

तोवर मागच्या गाडीतून आमचे लेफ्टनंटसाहेब धावत आले. पेट्रोल गळत होतं. वास मलाही येत होता.

"मास्टर स्विच ऑफ," ते वरून ओरडले.

"साब, ड्रायव्हर बात कर रहा है."

"ऑफ कर, दाविद. एक चिनगारी और सब गए."

त्यांचं बरोबर होतं. आजही मी तेच म्हणेन. पाचवं वचन म्हणून झालं होतं, सहावं योहानचं चाललं होतं, दिवसा ऊन तुला बाधणार नाही असं सांगणारं. ते अर्ध्यात असताना मी स्विच खाली केला. आवाज गेला.

बाहेर येऊन आम्ही फावड्यांनी, हातांनी भिंत उकरली. रिकव्हरीची गाडी आली, तारा लावल्या, ओढलं. झाकण उघडलं तेव्हा योहान गेलेला होता. रिकव्हरीबरोबर आलेले डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले की बराच वेळ जिवंत असावा.

संध्याकाळी मेजरसाहेबांनी आम्हाला समोर उभं केलं. "घर पर एक ही बात जाएगी. तुरंत गया. समझे?" त्यात दयाच होती. मी "येस सर" म्हणालो.

शवपेटीबरोबर मीच गावी गेलो. वर तिरंगा, बिगुल, सगळं रीतसर. माती देऊन झाल्यावर सगुणामावशीने माझा हात धरला. "लई तरास झाला का रं त्याला?"

"नाही मावशी. त्याला कळलंसुद्धा नाही."

तिने मान हलवली आणि हात सोडला.

छावणीत परतल्यावर लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. एक वचन वाचलं आणि थांबलो. पुढची पाळी कुणाची? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गेलोच नाही. ज्याने पाय घसरू देणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच्याशी काय बोलायचं? फसवणूक म्हणजे फसवणूक, करणारा कितीही मोठा असला तरी. प्रार्थना सुटली हे मी कुणाला सांगितलं नाही. पण ती सुटल्यावर माझं जेवण, झोप, बोलणं सगळंच सुटत चाललं. हे असंच राहिलं तर आपण माणसातून उठू, अशी धास्ती बसली.

म्हणून नाताळच्या रजेवर गेलो तो सरळ पाळकसाहेबांकडे. वाचायला शिकवलं त्यांनी, तेव्हा वाचन बंद पडलं हेही त्यांनाच सांगायचं. चर्चच्या शाळेमागे बसून मी सगळं सांगितलं. स्विच, अर्धं वचन, डॉक्टरसाहेबांचं बोलणं, मावशीला दिलेलं उत्तर. आणि म्हणालो, "साहेब, हे तुमच्यापाशीच राहू द्या. मावशीला कळता कामा नये." त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी खूप दिवसांनी रडलो. घरी येऊन पोटभर जेवलो.

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या मध्यावर प्रार्थनेचे विषय घेतात. कुणाची लेक बाळंतपणाला आलीय, कुणाची विहीर आटलीय, कुणाचं पोरगं दारू सोडत नाही. विषय सांगायचा, पाळकांनी त्यावर प्रार्थना करायची. पद्धत चांगली आहे. पण तिला एक खोड आहे. जे चारचौघांत उघड्या डोळ्यांनी बोलायची चोरी, ते डोळे मिटले की खुशाल बोलता येतं.

त्या रविवारी विषय संपले, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू, आमच्या दाविदासाठी विनवतो. तू जाणतोस, योहानाचा जीव त्या लोखंडात किती वेळ तडफडला. तू जाणतोस, दाविदाला आपल्या हाताने त्याचा आवाज बंद करावा लागला. त्याच्या मनावरचं हे ओझं..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी डोळे उघडले. भरलं चर्च, सगळ्यांचे डोळे मिटलेले. बायकांच्या बाजूला सतरंजीवर एकच बाई डोळे उघडून बसली होती. सगुणामावशी माझ्याकडे बघत होती.

उपासना सुटल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. "मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं."

"मी कुठे कुणाला सांगितलं? देवाला सांगितलं. तुझ्याच भल्यासाठी सगळी मंडळी प्रार्थना करील."

"देवाला कानात सांगता आलं असतं."

ते दुखावले. "पाळकाशी असं बोलतात का, दाविद?" वरून मलाच ऐकवलं. मी सलाम ठोकला, खरोखर ठोकला, आणि निघालो. शत्रूने मारलं तर माणूस चवताळतो. ज्याच्या मांडीवर बसून अक्षरं गिरवली त्याने मारल्यावर काय करायचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा अर्धी टाकून एसटीच्या थांब्यावर आलो. तिथे सगुणामावशी उभी होती. कामावर गेली नव्हती.

"पळून चाल्लास व्हय?"

"मावशी, पाळकसाहेबांनी माझा विश्वासघात केला."

"केलाच. मी कुठं न्हाई म्हन्ते?" ती म्हणाली. "त्यांनी तुजं फोडलं, ते तुला लागलं. तू माजं दडवलंस. मला लागत न्हाई व्हय?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"त्यो मेला, मला तरास झालाच न्हाई, आसं वाटलं का तुला? माज्या पोराचं मरान हाय त्ये. समद्या गावाच्या आदी माजं हुतं." ती दगडावर बसली. "आता सांग. समदं."

मी सांगितलं. दोन एसट्या निघून गेल्या. ती मध्ये एकदाच बोलली. "हसला म्हनतोस?"

"हो. पाय घसरला की रं, म्हणाला."

"लहानपनी बी आसाच हुता," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मग मी सांगितलं की माझी प्रार्थना बंद आहे. तिने डोळे पुसले. "मी चुलीला जाळ घालताना रोज म्हन्ते. वाचता येत न्हाई, जे पाठ हाय ते म्हन्ते. अन् मग देवाशी भांडते. गोड बोलत न्हाई मी त्याच्याशी. तू बी बोलू नगंस. पन रोज बोल. बोलायचंच सोडलं तर मंग त्यो बी परका अन् आपन बी परकं."

"मला राग येतो, मावशी."

"मंग रागानं बोल. त्याला काय सवय न्हाई व्हय?"

मी तिला शब्द दिला. छावणीत परत आल्यावर पहाटे लिंबाखाली उभा राहिलो, सावधान न होता. पहिल्या दिवशीची प्रार्थना एवढीच होती: तू पाय घसरू दिलास, पाळकांनी मला उघडं पाडलं, मला तुझ्याशी बोलायचं नाही, पण मावशीला शब्द दिलाय. आमेन. दुसऱ्या दिवशी तीच. महिनाभर तीच. पण रोज. एक वचन वाचायचो, योहानच्या पाळीला गप्प राहायचो, मग पुढचं.

तसं वाचता वाचता लक्षात आलं की स्तोत्रांत निम्मी तर तक्रारच आहे. एका स्तोत्रात माणूस रडतो की मला शत्रूने नाही, जो माझ्याबरोबर देवाच्या घरी चालत जायचा त्या सोबत्यानेच दगा दिला. लहानपणापासून कितीदा वाचलं असेल ते. इन्स्पेक्शनच्या घाईत दिसलंच नव्हतं. आता दिसलं तेव्हा त्या लिंबाखाली मला पहिल्यांदा वाटलं की ऐकणारा कुणीतरी आहे, आणि माझ्या चिडण्याने तो उठून जात नाही. विश्वासात वाढणं म्हणतात ते मला तरी असं कळलं.

पाळकसाहेबांवरचा राग गेला असं मी म्हणणार नाही. आधी मी त्यांची बदली व्हावी म्हणून प्रार्थना करायचो. मग त्यांची बायको आजारी पडल्याचं घरून कळलं आणि एका सकाळी मी चक्क तिच्यासाठी प्रार्थना करून बसलो. मागाहून स्वतःचीच चीड आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली.

पुढे एका ईस्टरला मी रजेवर गावी होतो. आमच्याकडे त्या दिवशी झुंजुमुंजू होताना कबरस्तानात उपासना असते. कबरींना चुना दिलेला, मेणबत्त्या, फुलं. पाळकसाहेब गेलेल्यांची नावं एकेक करून घेत होते. थकले होते ते. योहानच्या कबरीपाशी आल्यावर त्यांनी मिटलेले डोळे उघडले.

"हे नाव घ्यायचा हक्क मी घालवला," ते म्हणाले. "दाविद, तू घे."

मला नाही म्हणायचं होतं. अजून थोडं जळू दे यांना, असं मनात आलं. शेजारून मावशी म्हणाली, "घे. अन् नीट सांग."

मी उभा राहिलो. "सवार योहान, रणगाड्याचा ड्रायव्हर. सरावात गेला. लगेच गेला नाही. आम्ही स्तोत्र म्हणत होतो, सहावं वचन त्याचं होतं. ते पुरं व्हायच्या आत मला स्विच बंद करावा लागला. त्यानंतर तो आत एकटा होता. किती वेळ, ते मला माहीत नाही."

कुणी डोळे मिटले नव्हते. पाळकसाहेब मान खाली घालून उभे होते.

"मला बी म्हाईत न्हाई," सगुणामावशी म्हणाली. "माजं लेकरू एकटं हुतं, तवा तू तिथं हुतास का, आसं रोज इचारते मी देवाला. तू बी इचारीत जा."

मावशी जाऊन आता खूप वर्षं झाली. मी रोज सकाळी विचारतो.