बोल्टावरचा शेंदूर

लढाई चालू हुती तवाची गोष्ट. आमची वाडी वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. आमचं घरधनी भोरच्या एका मालकाची कोळसा वाहायची लारी चालवायचं. लारी जुनी. एक दार दोरीनं बांधलेलं, पुढचा दिवा एकच. रातीला ती आमच्या दारातच उभी असायची.

म्या शाळेत गेले न्हाई. पर घरधनी लारीखाली शिरलं की पाना म्याच द्यायची. त्येंनी एकदा दावलं हुतं, "ही बॅटरी. हिची एक वायर मशिनीकडं जाती, दुसरी लारीच्या सांगाड्याला बोल्टानं आवळायची. लोखंडाला लोखंड उघडं भिडलं तरच सेल्फ फिरतो आन मशीन चालू हुती." म्या व्हय म्हनलं आन भाकरी थापायला गेले.

दसऱ्याच्या तोंडावर बॅटरी बसली. घरधनी ती बैलगाडीत घालून भोरला चार्ज करायला घिऊन गेलं. हिकडं खंडेनवमीला आमी कोयतं, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पुजलं. सासू म्हनली, "लारीवर बी आपलं प्वाट हाय. तिला बी शेंदूर लाव." म्या तेलात शेंदूर कालवला, चाकांना लावला. मग सीटखालची पेटी उघडली. आत बॅटरी नव्हती, नुसत्या वायरी लोंबत हुत्या, आन बोल्टाची जागा घासून लख्ख. मला वाटलं, हितंच लारीचा जीव असणार. देवाच्या दगडाला थापत्यात तसा दाट शेंदूर म्या तिथं थापला.

दसऱ्याला घरधनी दिस बुडताना आलं. बॅटरी ठेवली, अंधुकात चाचपूनच वायरी आवळल्या आन सोनं वाटायला गेलं.

दुसऱ्या दिशी सकाळी सासू बांधावर गवत कापीत हुती, तिला घोनस चावली. घोट्याच्या वर. पाय डोळ्यांदेखत सुजाया लागला. आमी वर फडकं बांधलं आन तिला उचलून लारीत रिकाम्या पोत्यांवर निजवलं. भोरचा दवाखाना लांब. बैलगाडीनं जायचं तर दिस मावळंल, तवर ती राहती का न्हाई.

घरधन्यांनी सेल्फ दाबला. टक्. पुन्हा दाबला. टक्. मशीन काय फिरंना.

"बॅटरी तर कालच भरून आनलीय!" ते म्हनलं आन मशीन हातानं फिरवायचं हँडल घिऊन फुडं पळालं. दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा हँडल उलटं आलं आन त्येंचं उजवं मनगट मुरगाळलं. ढकलावं तर म्होरं सगळा चढ.

मागनं सासू वरडली, "काय रं, निगायचं का हितंच उतरवताय मला?"

"आये, गप पड. बोलू नगंस."

"बोलतीया तवर जिती हाय आसं समज!"

घरधन्यांनी दिवा लावून बघितला. विझत्या निखाऱ्यावानी लाल. सेल्फ दाबला की पार जायचा. त्येंनी बॅटरीवरची टोकं घासली, पुन्हा आवळली. तरी टक्. म्या पेटीपाशी वाकले हुते, माझा हात त्या सांगाड्याच्या वायरीला लागला. बोल्टापाशी चांगली गरम! बाकी समदी गार. तवा माझ्या ध्यानात आलं.

"आवं," म्या म्हनलं, "ह्या बोल्टाखाली म्या शेंदूर थापलाय."

"कुठं?"

"हितं. खंडेनवमीला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्येंनी बोल्ट सैल केला. वायरीखाली लालभडक थर. ते चाकू घिऊन वाकलं आन थांबलं. आमच्यात एकदा चढवलेला शेंदूर कुनी खरवडत न्हाई, देव कोपतो म्हनत्यात. आन त्येंची आई तर मागं तशी पडलेली.

"आज नगं," ते हळूच म्हनलं. "आजच्या दिशी देवाला कशाला डिवचायचं?"

सासूला आईकू गेलं. "लावायला म्या सांगितलं हुतं, काढायला बी म्याच सांगती! खरवड! कोपला तर माझ्यावर कोपू दे. मला चावायचं ते चावून झालंय."

त्येंच्या मुरगाळल्या हातात जोर नव्हता. म्याच चाकू घेतला. शेंदूर खरवडला, मग चुलीतली राख आन काथ्या आनून पितळंची घागर घासावी तशी ती जागा घासली. वायरीचं टोक बी घासलं. लोखंड पांढरं दिसाया लागलं. ते सांगतील तसा पाना फिरवून बोल्ट आवळला.

ते आत बसलं. म्या डोळं मिटलं. सेल्फ घुरघुरला, आन मशीन अशी धडधडली की दाराची दोरी नाचाया लागली. म्या पाना आन चाकू गोळा कराया लागले.

"आगं चढ की!" घरधनी वरडलं.

मनगट सुजलेलं, म्हनून त्येंनी डाव्या हातानं चाक धरलं, आन ते "आता" म्हनलं की गिअरचा दांडा म्या ढकलायची. भोर येस्तवर आमी दोघं मागं सासूचा आवाज आईकत गेलो. ती रस्त्याच्या दर खड्ड्याला शिव्या घालायची. शिवी आली की जीव भांड्यात पडायचा.

डाक्टरांनी सुई टोचली. दुपार कलली तवा त्येंनी भायेर येऊन सांगितलं, "वाचल्या म्हातारबाई." म्या नळावर जाऊन घटाघटा पानी पेले. सकाळधरनं घोट घेतला नव्हता.

सासू घरी आली ती लंगडतच. शेंदराचं म्या कुनाला सांगनार नव्हते, पर तिनंच वाडीभर सांगितलं, "माझ्याच शेंदरानं मला धरली हुती." फुडच्या खंडेनवमीला म्या शेंदराची वाटी घिऊन निगाले, तर ती आधीच पाय ओढीत लारीपाशी गेलेली. सीटवर फतकल मारून बसली, पेटीवर हात ठिऊन. म्हनली, "चाकाला लाव. हिकडं म्या हाय."