केवळाबाईची मूठ

ट्रॅक्टरनं पेरणी होते, मग चाड्यावर मूठ धरायला बाई कशाला लागते, असं कुण्या शहरातल्या माणसानं विचारलं की आमच्याकडचे लोक हसतात. लागते हो! हदगावच्या अलीकडं, नाल्याच्या कडेनं वसलेल्या त्या गावात तरी लागतेच. सगळं शेत खुशाल ट्रॅक्टरनं पेरा, पण पहिली तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, तिफणीनं, बैलांनी आणि सवाष्णीच्या हातानंच निघाली पाहिजेत. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, तिच्यावर लाकडाची वाटी असते, ते चाडं. चाड्याला तीन भोकं आणि भोकांतून तीन नळ्या थेट मातीत. बैल चालतात, मागून बाई चालते, ओटीतलं बी मुठीत घेते आणि बोटांच्या फटीतून चाड्यात सोडत जाते. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा. हात सैल पडला की बी झुबक्यानं उगवतं, आवळला की मधेच नांगी पडते, म्हणजे रिकामी जागा. आणि उगवलेलं काही पदराखाली झाकून ठेवता येत नाही, येणारा-जाणारा बघतोच.

गावात ही मूठ केवळाबाईची. लग्न होऊन आली त्या सालापासून नवऱ्याच्या, ग्यानोबाच्या तिफणीमागं चालली आणि तिचं पीक असं उगवलं की सासूनं म्हणे स्वतःहून नजर काढली. मग शेजारचे बोलवायला लागले. गावातला मोठा शेतकरी किशनराव, दारात ट्रॅक्टर, तरी हरभऱ्याची पहिली तासं केवळावहिनीच्या हातानं निघाल्याशिवाय तो ट्रॅक्टरची चावी फिरवत नसे. बाई बोलायला फटकळ, कामाला वाघीण आणि स्वतःच्या मुठीचा तिला पक्का अभिमान. असावाच! ज्याच्यापाशी काही आहे त्यानं ते मिरवावं, उगाच मान खाली घालून कशाला बसावं?

तर अशा बाईचे हात वाढायला लागले.

पहिल्यांदा कळलं कासाराला. बाजारात बांगड्या भरताना तो दरवेळी एक माप वाढवायचा आणि म्हणायचा, ‘मावशी, खाणंपिणं झक्कास चालू हाय वाटतं.’ मग पायातली जोडवी रुतली, ती सोनाराकडून कापून काढावी लागली. चपला फाटायला लागल्या तशी ती ग्यानोबाच्या घालायला लागली. कपाळ पुढं आलं, जबडा रुंद झाला, आवाज घोगरा झाला. बिलोलीहून तिच्या भावाचा फोन आला आणि हिनं ‘हालो’ म्हणताच तो म्हणाला, ‘दाजी, जरा अक्काला द्या की फोन.’ घरात सगळे पोट धरून हसले. केवळाबाईही हसली, मग मोरीत जाऊन बराच वेळ हातपाय धूत बसली. डोकं दुखायचं, घाम यायचा, बोटांना मुंग्या यायच्या. हे सगळं एका दिवसात झालं नव्हतं. पाच-सहा वर्षं हळूहळू चाललं होतं, म्हणून रोज बघणाऱ्या घरच्यांना ते दिसलंच नाही. वय झालं, वात झाला, असंच सगळे म्हणत राहिले.

दिसलं ते किशनरावाच्या शेतात. त्या साली हरभरा उगवला आणि बघणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. इथं झुबका, तिथं नांगी, पुन्हा झुबका. केवळाबाई बांधावर उभी राहून ते बघत होती. बी सुटतंय की नाही ते तिच्या बोटांना कळलंच नव्हतं. जाड झालेल्या बोटांमधून ते कधी भसकन पडलं होतं आणि कधी पडलंच नव्हतं. किशनराव भला माणूस. पण पुढच्या साली दारात येऊन चपला न काढताच म्हणाला, ‘वहिनी, यंदा समदं ट्रॅक्टरनंच उरकून टाकतो. तुमाला कामून तरास?’

तो गेल्यावर ती ग्यानोबाला म्हणाली, ‘माझी मूठ गेली हो.’ आणि ही फटकळ बाई चुलीपुढं बसून ढसाढसा रडली.

सून पुनम भोकरची, बारावी झालेली, हिच्याइतकीच तोंडाळ. सासू येता-जाता डाव्या चौकटीला धडकते, बाजूनं आलेला बैल तिला दिसत नाही, हे तिनं हेरलं. चष्मा लागला असेल म्हणून ती तिला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवलं आणि सांगितलं, ‘माझ्या नाकाकडं बघा. बाजूला माझी बोटं हलताना दिसली की सांगा.’ केवळाबाई बघत बसली. बराच वेळ गेला तशी वैतागून म्हणाली, ‘हलवा की मग!’

बाई केव्हाच्या बोटं हलवत होत्या.

त्यांनी मग डोळे सोडून तिचे हात बघितले, जुना फोटो आहे का विचारलं. पुनमच्या मोबाइलमध्ये स्वतःच्या लग्नातला होता. तो बघितला आणि ताबडतोब डोक्याचा एमआरआय काढायला पाठवलं. मेंदूच्या खाली, डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना भेटतात तिथं, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी म्हणतात तिला. तिच्यावर चांगली बोराएवढी गाठ. कॅन्सरची नव्हे, पण अंग वाढवणारा रस ती नको तितका सोडत होती आणि डोळ्यांच्या नसाही दाबत होती. हैदराबादला ऑपरेशन करायचं ठरलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की डोकं फोडायचं नाही, नाकातून जायचं.

‘नाकातून?’ केवळाबाई म्हणाली. ‘अन् मंग मी नथ कुठं घालू?’

डॉक्टर हसले. पण पुढचा प्रश्न तिनं विचारला तेव्हा ती हसत नव्हती. डोळे वाचतील का, जीव वाचेल का, यातलं काही तिनं विचारलं नाही. ‘माझी मूठ परत येईल का, तेवढं सांगा,’ म्हणाली. डॉक्टरांना काही उमजेना, तेव्हा पुनमनं बॅगेवर हात धरून, बोटं हलवून त्यांना पेरणी करून दाखवली. ते म्हणाले, ‘हाडं वाढली ती वाढली, ती काही कमी होणार नाहीत. सूज उतरेल, मुंग्या जातील. मुठीचं मात्र तुम्हीच मला सांगायचं.’

ऑपरेशन झालं. शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, अशी सगळी पथ्यं तिनं शिव्या देत देत पाळली. नजर बाजूनं उघडत गेली. गावात परतल्यावर दोन्ही कडांची कुंपणं एकदम दिसली तेव्हा ती म्हणाली, ‘अगं बाई, गाव केवढं मोठं झालंय!’ हातांची सूज उतरली आणि मुंग्याही गेल्या. राहिल्या त्या गोळ्या. अंगाला रोज लागणारा एक रस ती ग्रंथी आता तयार करवून घेत नव्हती, तो गोळीतून घ्यायचा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, काहीतरी खाऊन. कधी बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते पुनमनं डोक्यात ठेवलं होतं. केवळाबाईनं डोक्यात ठेवलं ते एवढंच, की गोळी खाऊन घ्यायची असते.

आणि ती मुठीच्या मागं लागली. अंगणात जुनं चाडं मांडायचं, ओटीत हरभरा घ्यायचा आणि त्याच्याभोवती फिरत बी सोडायचं. हात मोठाच राहिला होता, जुन्या सवयीनं मूठ भरली की जास्त बी यायचं. मग तिनं मूठच बदलली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटून ठेवायचं आणि उरलेल्यांतून सोडायचं. या वयात! आपण साधी पेन धरायची सवय बदलत नाही, आणि ही बाई जन्मभराची मूठ मोडून नवी घडवत होती. सांडलेलं बी खाऊन कोंबड्या अशा माजल्या की ग्यानोबा म्हणाला, ‘तुझा हात यायच्या आधी या कोंबड्या अंगणात मावायच्या न्हाईत.’

तशात नवरात्र आलं. काळी माती आणून केवळाबाईनं घट बसवला, त्याच्याभोवती गहू पेरला. आणि ऑपरेशनच्या आधी माहूरच्या रेणुकामायला बोललेला नवस तिनं फेडायला काढला, की नऊ दिवस अन्न तोंडात घालणार नाही, नुसतं पाणी. पुनम तेव्हा माहेरी भोकरला गेलेली. ग्यानोबानं विचारलं, ‘अन् गोळी?’

‘खाऊन घ्यायची हाय ना गोळी? खाणंच न्हाई तर गोळी कशी घेऊ? उगं पोटात आग व्हायची.’

ग्यानोबालाही ते पटलं. आपल्याकडं कुणाला पटलं नसतं, सांगा बरं! डॉक्टरचं ऐकलं आणि देवीचंही ऐकलं, दोघांचाही मान राखला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती घटाला पाणी घालायला उठली आणि ओकायला लागली. अंग गार पडलं, बोलणं अडखळलं, घटापुढंच आडवी झाली. ग्यानोबा किशनरावाच्या दारात पळाला. किशनरावानं गाडी काढली, तिला मागं झोपवलं. वाटेत ग्यानोबानं पुनमला फोन लावला तर ती दुसरं काही न ऐकता ओरडली, ‘गोळी घेतली का त्यांनी? मामा, गोळी!’ आणि खरं कळल्यावर, ‘हदगावच्या डॉक्टरला जाताच सांगा, पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय अन् गोळी बंद हाय. बाकी काही सांगू नका, हेच आधी सांगा!’ ग्यानोबा रस्ताभर ते दोन शब्द घोकत गेला. सांगितल्याबरोबर डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. दुपारपर्यंत बाईनं डोळे उघडले तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

डॉक्टर तापलेच होते. ‘मावशी, ही गोळी म्हणजे औषध नव्हं. सगळ्यांच्या अंगात जे आपोआप तयार होतं ते तुमच्या अंगात होत न्हाई, ते हे हाय. उपास असो, लगीन असो, मयत असो, गोळी सुटली की तुम्ही सुटलात.’

भोकरहून धावत आलेली पुनम खाटेच्या पायाशी उभी होती. ती नुसती रडत होती, आणि केवळाबाईला डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

घरी आली ती थेट घटापुढं बसली. गहू बोटभर वर आला होता. तिनं केळ सोलून खाल्लं, गोळी तळहातावर घेतली आणि देवीशी भांडल्यासारखी बोलली, ‘माय, तुझा उपास मोडला. चोरून न्हाई, तुझ्या म्होरं बसून मोडला. पेरायला मूठ लागती अन् मुठीला जीव लागतो. तुला राग आला तर माझ्यावर काढ, लेकरांवर काढू नको.’ आणि गोळी गिळली. मला विचाराल तर ऑपरेशनपेक्षा मोठं धाडस हे होतं.

दसरा झाला, हरभऱ्याची वेळ आली. किशनराव आला, या वेळी चपला काढून आत बसला. ‘वहिनी, औंदा मूठ तुमीच धरा. नाल्याकडच्या तुकड्यात.’

नाल्याकडचा तुकडा म्हणजे सगळ्यात आतला, कुणाच्या नजरेला न पडणारा. केवळाबाईला कळायचं ते कळलं.

‘दया करून बोलवत असाल तर ट्रॅक्टर घाला,’ ती म्हणाली. ‘न्हाईतर रोडकडचं रान द्या. उगवलं तरी गाव बघल, न्हाई उगवलं तरी गाव बघल.’

किशनराव ग्यानोबाकडं बघत राहिला. ग्यानोबानं हात जोडले, म्हणजे माझं काही चालत नाही.

रोडकडच्या रानात तिफण लागली. नारळ फुटला, बैलांना हळद-कुंकू लागलं. केवळाबाई ओटी बांधून चालायला लागली. हदगावच्या एसटीतून लोक माना वळवून बघत होते, आणि तिची नजर बोटांवरून हलत नव्हती. दुपारी एका तासाच्या मध्यावर पुनमनं बांधावरून हाक मारली, ‘आत्याबाई, गोळी!’

‘तास पुरं होऊ दे की गं.’

‘न्हाई. आत्ता.’

केवळाबाईनं एकदा पुढं बघितलं. तास मधे सोडलं की तिथं बी चुकतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण तिनं बैल थांबवायला लावले. उभ्या उभ्या भाकरीचे दोन घास खाल्ले, गोळी घेतली, पाणी प्यायली आणि पुन्हा मूठ धरली.

पुढच्या आठवड्यात तिला झोप नव्हती. ग्यानोबा शेताकडं जाऊन यायचा, ती विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही. मग एका सकाळी किशनरावच दारात आला, म्हणाला, ‘वहिनी, चला.’ ती गेली. रोडवर चार माणसं आधीच उभी होती. हरभरा वर आला होता, ओळी पार पलीकडच्या बांधापर्यंत सरळ, कुठं झुबका नाही. केवळाबाईनं पदर तोंडाला लावला. ग्यानोबाचेही डोळे भरले, पण तो रोडकडं बघतोय असं दाखवत होता.

किशनराव ओळींतून चालत गेला आणि मधेच थांबला. एका तासात वीतभर जागा रिकामी होती.

‘एवढीच नांगी राहिली बघा, वहिनी. चार दाणे टोचून देतो, भरून निघल.’

‘हात लावू नका तिला,’ केवळाबाई म्हणाली. ‘तिथं म्या गोळी घेतली व्हती. ऱ्हाऊ द्या तशीच.’